घरच्या घरी हस्तकला : सोलापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

उन्हाळ्याची सुट्टी लागली, दिवाळी तोंडावर आली किंवा संक्रांतीची तयारी सुरू झाली की हस्तकलेबद्दल तेच ते प्रश्न पुन्हा येतात. त्यांची सविस्तर उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. घरात असलेल्या किंवा आपल्या शहरात सहज मिळणाऱ्या वस्तूंपासून करता येईल असंच काम निवडलं आहे. तयार झालेली वस्तू घरात रोज वापरली जावी, असा आग्रहही आहे. काचेच्या कपाटात ठेवून धूळ खाणाऱ्या शोभेच्या वस्तू इथे फारशा सापडणार नाहीत.

आजवर हातात सुई धरलेली नाही. सुरुवात कशापासून करू?

कापडापासून. कागद चुकीचा कापला की वाया जातो, माती भाजायला भट्टी लागते. कापडाचं तसं नाही. टाका वाकडा गेला तर उसवायचा आणि पुन्हा घालायचा. शिवाय सोलापूरच्या घरात जुना टॉवेल किंवा विरलेली चादर नाही असं होतच नाही.

पहिली वस्तू म्हणून अंग घासायचा हातमोजा करा. जुन्या टेरी टॉवेलचा जरा दणकट राहिलेला भाग घ्या. त्यावर पंजा बोटं जुळवून ठेवा आणि सगळीकडून तीन सेंटीमीटर जास्त सोडून आखा. असे दोन तुकडे कापा. आधी दोन्हींची मनगटाकडची कड दोनदा दुमडून शिवून घ्या. मग सुलट्या बाजू आत ठेवून तुकडे एकमेकांवर ठेवा आणि उरलेल्या तिन्ही बाजूंनी उलटी टीप घाला, म्हणजे प्रत्येक टाक्याला सुई थोडी मागे घेऊन पुढे काढा. मोजा उलटा केला की काम झालं.

टेरी कापड कापलं की कडेने धाग्यांचा भुगा गळायला लागतो. हे कापड विणताना उभ्या धाग्यांचे दोन संच असतात. एक ताठ असतो, तो कापड धरून ठेवतो. दुसरा सैल सोडलेला असतो, त्याचेच ते मऊ फास वर येतात. कात्रीने हे फास तुटतात आणि सुटे होतात. म्हणून टेरीला शिवण कडेपासून निदान एक सेंटीमीटर आत हवी, आणि ती दुहेरी घातली तर मोजा वर्षानुवर्षं टिकतो.

सामान काय काय लागेल? शिलाई मशीन हवंच का?

मशीन नको. दोन कात्र्या, बारीक आणि जाड अशा काही सुया, पांढरा आणि काळा दोरा, टाचण्या, पट्टी एवढं पुरे. खुणेसाठी खडू नसेल तर अंघोळीच्या साबणाची झिजून पातळ झालेली वडी वापरा, शिंपीही तीच वापरतात. कात्र्या दोन अशासाठी की कापडाच्या कात्रीने कागद कापला की तिची धार जाते. एकीच्या मुठीला रंगीत दोरा बांधून ठेवा आणि ती कापडाचीच, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

कापडाच्या चिंध्या कुठे मिळतील?

आधी स्वतःचं कपाट उघडा. वापरून वापरून मऊ झालेल्या सुती साड्या, परकर, धोतरं, उशांचे अभ्रे हे सगळ्यांत उत्तम कापड. ते पुरलं नाही तर बाहेर बघा. शहराच्या पूर्व भागात आणि अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत चादरी-टॉवेलचे कारखाने आहेत. तिथे काठ, तुकडे, विणीत थोडा दोष राहिलेला सेकंड माल निघत असतो. नीट विचारलं तर बरेच जण वजनावर देतात. सोलापुरात शाळांचे गणवेश शिवण्याचा मोठा धंदा आहे, त्या शिलाई युनिटांमधून कतरणी भरपूर निघतात. मणी, लेस, रंगीत दोरा यासाठी नवी पेठ आणि मधला मारुती परिसरातली दुकानं पालथी घाला.

गणवेशाच्या कतरणींबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. हे कापड बहुधा पॉलिस्टरमिश्रित असतं. पिशवीला, पायपुसण्याला ते उत्तम, पण बाळाच्या अंगाशी येणाऱ्या वस्तूला, नैसर्गिक रंगाला आणि स्वयंपाकघरात भांडी उतरवायच्या फडक्याला नको. ओळखायचं कसं? चार-पाच धागे काढा, चिमट्यात धरा आणि ओट्यावर, जवळ पाणी ठेवून, ज्योतीला लावा. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि त्याची राख बोटांत चुरगळते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. ही परीक्षा मोठ्यांनीच करायची.

गोधडी शिवायची आहे. पण एवढं मोठं काम झेपेल का?

मोठी गोधडी पहिल्यांदा करूच नका. बाळाचं दुपटं करा, साधारण 75 सेंटीमीटर रुंद आणि एक मीटर लांब. तंत्र तेच असतं आणि महिनाभरात हातावेगळं होतं. बाळ येणार असलेल्या घरात याहून चांगली भेट नाही, असं माझं ठाम मत आहे. धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती कापडाची सर दुकानातल्या नव्या कापडाला येत नाही.

तीन किंवा चार थर पुरतात. खालचा आणि वरचा थर चांगल्या साडीचा, मधले थर फाटलेल्या-विरलेल्या कापडाचे असले तरी चालतात. मधल्या थरात भोकं असतील तर त्यावर दुसरा तुकडा पसरा म्हणजे जाडी सारखी राहील. सगळी कापडं आधी धुवा. नवं कापड मिसळलं असेल तर हे फारच महत्त्वाचं, कारण ते पहिल्या धुण्यात आटतं आणि जुनं आटत नाही, मग गोधडीला कायमच्या सुरकुत्या पडतात.

फरशी पुसून कोरडी करा. खालचा थर उलटी बाजू वर करून अंथरा, चारी कोपऱ्यांवर तांबे किंवा पुस्तकं ठेवा. त्यावर एकेक थर हाताने मधून बाहेर सारत पसरा. मग वितीवितीच्या अंतरावर लांब कच्चे टाके घाला, उभे आणि आडवे दोन्ही. नवशिके हीच पायरी गाळतात आणि मग शिवता शिवता कापड मध्ये गोळा होतं. पूर्वी बायका कच्चे टाके न घालताच कडेने सुरू करून चौकटीत चौकट शिवत आत जायच्या. पण त्या गोधडीवरच बसून हाताने सतत कापड सारत असत आणि त्यांच्या हाताला वर्षांची सवय होती. आपण कच्चे टाके घालावेत.

कड आत दुमडून घ्या आणि धावदोऱ्याने, म्हणजे सुई वर-खाली नेत घातलेल्या साध्या टाक्यांनी, पहिली चौकट पूर्ण करा. दुसरी ओळ पहिलीपासून दोन बोटांवर, तिसरी पुन्हा तितक्याच अंतरावर, असं करत मध्यापर्यंत जायचं. टाके अगदी एकसारखे आले नाहीत तरी चालतं, फक्त प्रत्येक टाका सगळ्या थरांतून खाली जायला हवा. अधूनमधून गोधडी उलटून पाहा. वरची चौकट जमली आणि खाली टाकेच नाहीत, असं व्हायला नको. दोरा हातभरापेक्षा लांब घेऊ नका, गुंततो. मधल्या बोटात टोपी घाला, चार थरांतून सुई ढकलताना बोट सोलवटतं.

वरच्या थरावर रंगीत तुकडे जोडायचे असतील तर ते आधी वरच्या कापडावर शिवून घ्या, मग थर लावा. अक्कलकोटकडच्या, कर्नाटकाला लागून असलेल्या गावांत कौदी, म्हणजे तिकडची गोधडी, शिवतात. तिच्यात चौकोन-त्रिकोणांचे गडद तुकडे फार सुंदर मांडलेले असतात. घरात किंवा शेजारी अशी कौदी असेल तर ती उलटसुलट करून बघा. पुस्तकातून कळणार नाहीत अशा खुब्या त्यात दिसतील.

मुलांना माग कसा चालतो ते दाखवायचं आहे. घरी काही करता येईल?

येईल, आणि सोलापूरच्या प्रत्येक मुलाने हे एकदा तरी करावं असं मला वाटतं. शहरातल्या इतक्या घरांचा संसार ज्या यंत्रावर चालला ते नेमकं काय करतं, हे हाताने विणल्याशिवाय कळत नाही.

जाड पुठ्ठा घ्या, 20 सेंटीमीटर रुंद, 25 सेंटीमीटर लांब. वरच्या आणि खालच्या कडेवर एकेक सेंटीमीटरवर खुणा करा, प्रत्येक कडेवर 19 खुणा येतील. प्रत्येक खुणेवर अर्धा सेंटीमीटर खोल चीर द्या. आता मजबूत सुती दोरा घ्या, त्याचं टोक मागे चिकटपट्टीने लावा आणि दोरा वरच्या पहिल्या चिरेतून पुढे काढा. तो पुढून खाली आणून खालच्या पहिल्या चिरेत अडकवा, दोन चिरांमधल्या दातामागून वळवून शेजारच्या चिरेतून पुढे काढा आणि पुन्हा वर न्या. असं करत शेवटपर्यंत जा. हा झाला ताणा, म्हणजे उभे धागे. ते ताठ हवेत, पण पुठ्ठा वाकेल इतके नकोत.

बाण्यासाठी, म्हणजे आडव्या धाग्यांसाठी, जुन्या कापडाच्या दीड-दोन सेंटीमीटर रुंदीच्या लांब पट्ट्या फाडा. पट्टी एका धाग्याच्या वरून, पुढच्याच्या खालून अशी न्यायची. परतीच्या ओळीत उलट. प्रत्येक ओळ झाली की जुन्या कंगव्याने ती खाली दाबायची. मुलं हमखास पट्टी ओढून घेतात आणि विणकाम मधोमध आवळलं जातं. त्यावर उपाय सोपा आहे. पट्टी सरळ आडवी न नेता किंचित कमानीसारखी सैल ठेवा आणि मग कंगव्याने दाबा. वरपर्यंत गच्च विणून झालं की वरचे-खालचे फास पुठ्ठ्याच्या दातांवरून अलगद काढा. उष्ण भांड्याखाली ठेवायचं आसन तयार. यासाठी कापड मात्र सुतीच घ्या.

मूल विणत असताना त्याला सांगा की मागावर हेच चालतं. पट्टीच्या जागी धोटा असतो, कंगव्याच्या जागी फणी. आणि चादरीवरची नक्षी? ती जेकार्ड नावाच्या यंत्रणेची करामत. जोसेफ मारी जॅकार नावाच्या फ्रेंच माणसाने 1804 मध्ये ही युक्ती काढली. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडलेली असतात. भोक असेल तर तो उभा धागा उचलला जातो, नसेल तर खाली राहतो. आता अनेक ठिकाणी हे काम इलेक्ट्रॉनिक पद्धतीने होतं, पण कोणता धागा वर आणि कोणता खाली, हा प्रश्न तोच. मुलाला दोन रंगांच्या पट्ट्या द्या आणि दर ओळीत कुठले धागे उचलायचे ते आधी चौकटीच्या वहीत रंगवून आणायला सांगा. साधा त्रिकोण विणून झाला की चादरीवरच्या नक्षीकडे ते मूल वेगळ्या नजरेने बघायला लागतं.

सोलापुरी चादर कापून पिशवी केली तर चालेल का? जीवावर येतं.

चांगली चादर कापू नका. मधून विरलेली, काठ शाबूत असलेली चादर मात्र जरूर घ्या. चादर बहुतेक वेळा मध्येच झिजते आणि कडेचा हातभर भाग नव्यासारखा असतो. त्यातून बाजाराची पिशवी, उशीचा अभ्रा, खुर्चीचं आसन सहज निघतं. नक्षीचा मोर किंवा फूल पिशवीच्या मधोमध येईल असं आधी कागदाचं माप ठेवून पाहा. हाताने शिवायचं तर जाड सुई आणि दुहेरी दोरा घ्या. मशीन असेल तर 16 नंबरची सुई लावा, बारीक सुई मोडते. पट्टे वरच्या दुमडीत घालून तिथे चौकोन आणि त्यात फुली अशी शिवण मारा. पाच किलो ज्वारी घेऊन आलात तरी पट्टा तुटणार नाही.

जुन्या टॉवेलचं पायपुसणं वाटीसारखं होतं, सपाट बसत नाही. का?

वेणी गुंडाळताना ती हातात धरून ताणली जाते म्हणून. पाच सेंटीमीटर रुंदीच्या पट्ट्यांची तीन पेडी वेणी घाला, मग ती टेबलावर किंवा फरशीवर सपाट ठेवूनच गुंडाळा आणि शिवा. वळणावर वेणीला थोडी ढील द्यायची, विशेषतः पहिल्या चार-पाच फेऱ्यांत. तरीही कड उचलली गेली तर तेवढ्याच फेऱ्या उसवा. इस्त्रीने ते बसत नाही.

नैसर्गिक रंगाने कापड रंगवायचं आहे. आपल्याकडे काय मिळतं?

डाळिंबाची सालं! सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर हा सगळा डाळिंबाचा पट्टा, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही सोलापुरातच आहे. आणि आपण सालं कचऱ्यात टाकतो. दाण्यांचा लाल रस कापडावर टिकत नाही. पक्का रंग सालीत असतो आणि तो पिवळ्यापासून गव्हाळीपर्यंत जातो. सालीत टॅनिन हा तुरट घटक भरपूर असल्यामुळे सुती कापड हा रंग चांगला धरतं. एरवी सुताला रंग धरायला लावणं अवघड असतं.

सालं सावलीत वाळवून डब्यात साठवत जा. पाव किलो सुती कापडाला पाव किलो वाळलेली सालं, पाच लिटर पाणी आणि 25 ते 30 ग्रॅम तुरटी असं प्रमाण धरा. सालं फोडून रात्रभर भिजत घाला, सकाळी तासभर उकळा आणि गाळून घ्या. कापड आधी धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात धुतलेलं हवं. नव्या कापडाला कांजी असते, ती गेल्याशिवाय रंग डागाडागाने चढतो. ओलं कापड रंगाच्या पाण्यात सोडा, मंद आचेवर तासभर ठेवा आणि हलवत राहा. मग त्यातच थंड होऊ द्या. पिळून ते तुरटीच्या कोमट पाण्यात तीन-चार तास बुडवा आणि पुन्हा रंगाच्या पाण्यात घाला. दुसऱ्या वेळी रंग उजळून चढतो.

भांडं स्टीलचं घ्या आणि ते परत स्वयंपाकाला वापरू नका. लोखंडी कढई घेतली तर लोहामुळे पिवळ्याचा करडा-काळपट होतो. तोच हवा असेल तर गोष्ट वेगळी. गंजके खिळे पाण्यात थोडा व्हिनेगर घालून आठवडाभर ठेवा आणि ते पाणी चमचाभर घातलंत तरी रंग लगेच गडद होतो. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर नकळत हेच घडतं. म्हणून नळाचं पाणी वापरा. आता नळाला रोज पाणी येत नसेल, तर रंगकाम पाण्याच्या दिवशीच काढा, कारण शेवटी कापड तीन-चार पाण्यांतून काढावं लागतं. ते पाणी वाया घालवू नका, अंगण धुवायला किंवा फरशी पुसायला चालतं. सोडा आणि तुरटी असल्यामुळे झाडांना मात्र घालू नका.

हळदीने रंगवलं तर?

फार सुंदर दिसतं आणि उन्हात फार लवकर फिकं पडतं. मुलांना मजा म्हणून करा, टिकाऊ वस्तूला नको. कांद्याची सालं हळदीपेक्षा बरी.

कागदाच्या लगद्याची टोपली आजी करायची. ती कशी करायची?

सात-आठ वर्तमानपत्रं बारीक फाडून दोन दिवस पाण्यात भिजवा, रोज पाणी बदला. मूठभर मेथी वेगळी भिजवा. कागद पिळून मेथीसकट खलबत्त्यात कुटा किंवा भरपूर पाणी घालून मिक्सरमधून काढा. पाणी पिळून टाका आणि दोन पळ्या मैद्याची घट्ट खळ (कृती पुढच्या उत्तरात) घालून कणकेसारखं मळा. मेथी चिकटपणा देते आणि तिच्या कडूपणाने कीड लागत नाही असं जुन्या बायका सांगत.

एक पातेलं पालथं घाला, त्याला ओलं फडकं गुंडाळा आणि त्यावर लगदा अर्धा सेंटीमीटर जाडीचा थापत जा. तळाशी जरा जास्त. बोट ओलं करून भेगा मिटवा. आता वाळवणं. आपल्या उन्हात ठेवायचा मोह होतो, पण एप्रिल-मेच्या उन्हात बाहेरचा थर तासाभरात कडक होतो, आतला ओला राहतो, आणि टोपली तडकते. सावलीत, वाऱ्यावर तीन-चार दिवस ठेवा. अर्धवट वाळली की पातेल्यावरून काढून आतूनही वाळू द्या. शेवटी आतबाहेर कागद चिकटवा आणि गेरू किंवा पोस्टर कलर लावा. कांदे, लसूण, शेंगा, सुईदोरा यासाठी उत्तम. पाणी मात्र लागू द्यायचं नाही.

खळ घरी कशी करायची? फेविकॉल चालणार नाही का?

चालेल, पण कागदासाठी खळच चांगली, पतंगी कागदावर ती डाग पाडत नाही. एक वाटी मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, चार वाट्या पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहा. चकाकी आली आणि पारदर्शक वाटू लागली की उतरवा. दोन दिवसांत वापरा, फ्रिजमध्ये आठवडाभर राहते. जुने बाइंडर तीत मोरचूद घालत. ते विष आहे, मुलं असलेल्या घरात अजिबात नको.

पारंपरिक आकाशकंदील नीट चौफेर होत नाही. त्याचा हिशेब काय आहे?

हिशेब फार देखणा आहे. सहा चौकोन, बस. सगळ्या कामट्या एकाच लांबीच्या, एकूण 24. बुरुडांकडून कामट्या आणल्या तर त्या मापात कापून, कडा घासून घ्या. 20 सेंटीमीटरची कामटी घेतली तर कंदिलाची उंची साधारण 28 सेंटीमीटर होते आणि कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत रुंदी 40. घराच्या दारात एवढा पुरतो.

चार-चार कामट्या दोऱ्याने घट्ट बांधून सहा चौकोन करा. प्रत्येकाचे दोन्ही कर्ण दोऱ्याने मोजा, ते सारखे नसतील तर चौकोन कललेला आहे, तो आत्ताच सरळ करा. कंदील चौफेर न होण्याचं कारण नव्वद टक्के इथेच असतं. आता चार चौकोन टोकावर उभे करा आणि शेजारशेजारचे कोपरे एकमेकांना बांधा, कडं तयार होईल. पाचव्या चौकोनाचे चार कोपरे वरच्या चार टोकांना बांधा, सहाव्याचे खालच्या टोकांना. सांगाडा हातात घेऊन बघा. चौकोनांच्या मधे आपोआप आठ त्रिकोण तयार झालेले असतात, सगळे सारखे.

बाजूचे चार चौकोन आणि आठ त्रिकोण पतंगी कागदाने मढवायचे, वरचा आणि खालचा चौकोन उघडा ठेवायचा. कागद सांगाड्यापेक्षा बोटभर मोठा कापा, कड कामटीवरून आत वळवून खळीने चिकटवा. ओला असताना थोडा सैल वाटला तरी ओढू नका, वाळला की आपोआप ताणला जातो. चौकोनांवर दुसऱ्या रंगाच्या कागदी करंज्या, खाली हातभर लांब शेपट्या. आत पाच वॉटपर्यंतचा एलईडी दिवा मधोमध लोंबेल असा सोडा. पणती किंवा मेणबत्ती आत ठेवू नका, आणि तापणारा जुना पिवळा बल्बही नको.

सुट्टीत हे काम भावंडांनी मिळून करावं. एकट्याने चौकोन बांधणं त्रासाचं, दोघांत ते झरझर होतं.

नवरात्रात फुलांचं काही करता येईल?

पूर्व भागातल्या तेलुगू घरांत बतकम्मा, म्हणजे फुलांचा मनोरा, कशी रचतात ते त्यांच्याकडून शिकून घ्या. ताटात पानं अंथरून त्यावर फुलांची वर्तुळं, वर वर लहान होत जाणारी. झेंडू, शेवंती, कुरडू, आणि आपल्या माळरानावर त्या दिवसांत पिवळाधमक फुललेला तरवड. देठ आत, फुलं बाहेर, मधली पोकळी पाल्याने भरत जायची. शेजारणीला विचारलं तर आनंदाने दाखवते, आणि तिच्या हाताखाली बसून जितकं येतं तितकं वाचून येत नाही.

संक्रांतीला हलव्याचे दागिने घरी करता येतात का?

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेची धामधूम आणि बोरन्हाणं एकाच सुमारास येतात, त्यामुळे वेळेची तारांबळ होते. म्हणून हलवा विकत घ्या आणि दागिने घरी करा. हलवा घरी करणं हे स्वतंत्र काम आहे. तिळावर किंवा खसखशीवर थेंबथेंब पाक घालत, मंद उष्णतेवर बोटांनी फिरवत तासन्‌तास बसावं लागतं. जानेवारीतली आपली कोरडी थंड हवा त्याला मानवते, हे मात्र खरं.

दागिन्यासाठी पुठ्ठ्याचा आकार कापा, त्यावर काळा किंवा सोनेरी कागद लावा आणि हलव्याचे दाणे खळीने चिकटवा. हारासाठी दुहेरी दोरा घ्या, दाणा दोन पदरांत धरा आणि गाठ मारून पुढे जा. काटे असल्यामुळे दोरा घसरत नाही. बाळ दागिना तोंडात घालणारच, म्हणून इथे फेविकॉल, चमकी, टाचणी काहीही नको. आणि दाणा घशात अडकू शकतो, तेव्हा फोटो झाले की दागिने लगेच उतरवा.

किती वयाच्या मुलाला काय द्यावं?

चार-पाच वर्षांच्या मुलाला कागद फाडणं, लगदा मळणं, जाड मणी ओवणं. सहा-सात वर्षांच्या मुलाला पुठ्ठ्याचा माग आणि बोथट टोकाची सुई. नऊच्या पुढे साधी सुई, धावदोरा, कात्री. मुलगे आणि मुली दोघांनाही. टाका घालायला येणं हे पोहता येण्याइतकंच उपयोगी आहे.

दृष्टी अधू झाली आहे, पण हात रिकामे ठेवणं नको वाटतं. काय करू?

वेणीचं पायपुसणं आणि लोकरीचं जाड क्रोशाकाम डोळ्यांपेक्षा बोटांनी जास्त होतं. सुईत दोरा ओवण्यासाठी तारेचं छोटं साधन शिवणसामानाच्या दुकानात मिळतं. नाहीतर नातवंडांकडून सकाळीच दहा-बारा सुया ओवून घ्या आणि उशीला टोचून ठेवा. काम दिवसा, खिडकीशी बसून करा. देवासाठी कापसाच्या वाती आणि वस्त्रं करणं हेही याच हस्तकलेत येतं, तिला कमी लेखू नका.

प्लास्टिकच्या बाटल्या, थर्माकोल यांच्या वस्तू इथे का नाहीत?

बाटलीला रंग लावून फुलदाणी केली तरी काही महिन्यांत रंग पोपडतो आणि आता रंगासकट ती टाकावी लागते. तिला आधीच भंगारात दिलं असतं तर बरं झालं असतं. थर्माकोलचं तर भंगारवालाही काही करत नाही. कापड, कागद, बांबू, माती यांत काम करावं.

या वस्तू विकता येतील का?

येतील, बचत गटांच्या प्रदर्शनात हाताने शिवलेल्या गोधड्या आणि पिशव्यांना मागणी असते. किंमत ठरवताना सामानाचा खर्च धराच, पण तासांचाही हिशेब ठेवा. दुपट्याला महिना लागला असेल आणि तुम्ही फक्त दोऱ्याची किंमत सांगितली, तर तुमच्याबरोबर शेजारच्या स्टॉलवरच्या बाईचाही भाव पडतो. आणखी एक. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव इथल्याच मालाला लावता येतं. तेव्हा भलत्याच कापडाच्या पिशवीला ते नाव लावू नका. खऱ्या चादरीतून केली असेल तर तसं स्पष्ट लिहा, गिऱ्हाइकाला त्याचं कौतुक असतं.

हाताने शिवलेली गोधडी धुवायची कशी?

मोठ्या टबात गार पाण्यात सौम्य साबण घालून अर्धा तास भिजवा आणि पायांनी तुडवा. धोपटू नका, टाके तुटतात. पिळताना पीळ न देता घडी घालून दाबा. भिजलेली गोधडी जड असते, एका दोरीवर लोंबत टाकली तर मधले टाके ओढले जातात, म्हणून दोन दोऱ्यांवर किंवा गच्चीच्या कठड्यावर पसरा. रंगीत बाजू उन्हाकडून आत ठेवा. टाका तुटलेला दिसला तर वाळल्यावर त्याच दिवशी घाला, नाहीतर पुढच्या धुण्यात शेजारचे चार उसवतात.